गोठ्यातले निळे बगळे

माझ्या सासूबाई गेल्या त्या वर्षी आमच्या घरात नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, मांडला नाही. घरात दुःख असलं की आमच्याकडे दारात कंदील लावत नाहीत, गोठाही मांडत नाहीत, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. पुढच्या वर्षी पाऊस सरला, भात कापून झालं, आणि एका रविवारी आम्ही नवराबायको चर्चमधली मिस्साची प्रार्थना आटपून घरी आलो, तर पहिल्या मिस्साला जाऊन आलेले माझे सासरे मागच्या पडवीत बसून माती मळत होते. बावखलातली माती होती ती. बावखल म्हणजे वाडीला पाणी देणारं आमच्याकडचं तळं. उन्हाळ्यात ते उपसताना निघालेली चिकण माती त्यांनी एका पिंपात भिजवून ठेवली होती, हे मला तोवर ठाऊकही नव्हतं.

ही गोष्ट ऐंशीच्या आसपासची. आमचं घर निर्मळच्या बाजूला, केळी आणि फुलांच्या वाडीत. सासऱ्यांना मी बाबा म्हणत असे. उंच, काटक, कमी बोलणारे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्यातलं बोलणं म्हणजे जेवण वाढू का, चहा ठेवू का, आणि त्यांचं हूं. सासूबाई असेपर्यंत ते खटकलं नाही, कारण त्या आपल्या आणि बाबांच्याही वाट्याचं बोलत. त्या गेल्यावर घर फार शांत झालं. माझा नवरा सकाळी मुंबईला कामावर जाई तो दिवेलागणीला येई. मी जवळच्या शाळेत चित्रकला शिकवत होते, दुपारी घरी यायचे. दुपार ते संध्याकाळ घरात मी आणि बाबा, आणि मध्ये स्वयंपाकघराची भिंत.

त्या रविवारी त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं की शाळेतले रंग मातीवर चालतील का. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलायचो. ती इथे लिहिली तर बाहेरच्यांना कळणार नाही, म्हणून साध्या मराठीत लिहिते. मी म्हटलं, बघू या. एवढ्यावर आमचं काम ठरलं.

आमचा जुना गोठा मुंबईहून आणलेल्या प्लॅस्टरच्या मूर्तींचा होता. गुलाबी गालांची मारिया, निळ्या डोळ्यांचे मेंढपाळ, आणि कधी कोणी न पाहिलेल्या जातीची लोकरदार मेंढरं. बंद पेटीत ओल शिरून त्यांचे पापुद्रे सुटले होते. बाबांना तसल्या मूर्ती नकोच होत्या. त्यांनी पहिल्यांदा बैल केला, रहाटाला जुंपलेला. मग खांद्यावर केळीचा घड घेतलेला माणूस, पाटीत फुलं भरून चाललेली बाई, कमरेला कोयता लावलेला म्हातारा. सगळे वीतभर, काही त्याहून लहान. बैलाच्या मागे चार बगळे, कारण बैल असला की बगळे असायचेच. बाबांचा हात चांगला होता. चेहऱ्यांत ते फारसे शिरत नसत, पण माणूस उभा कसा राहतो, ओझं उचलल्यावर कंबर कुठे जाते, हे त्यांच्या बोटांना अचूक सापडे.

मग बाळ येशू, मारिया आणि योसेफ, आणि सगळ्यांत शेवटी त्यांनी विहिरीवरची बाई केली. नऊवारी लुगडं, डाव्या कमरेवर कळशी, आणि मान जराशी मागे वळलेली, कोणी हाक मारल्यासारखी. ती कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. सासूबाई कळशी डाव्या कमरेवरच घेत, कारण त्यांच्या उजव्या हाताला जुनं दुखणं होतं.

मूर्ती सावलीत वाळवून आम्ही त्या तुसात भाजल्या. दोन-तीन तडकल्या, बाकीच्या धड निघाल्या. मग माझं काम सुरू झालं आणि मला कळलं की कागदावर रंगवणं वेगळं आणि मातीवर वेगळं. शाळेतले पोस्टर कलर मातीने पिऊन टाकले. ओला असताना छान दिसलेला लाल रंग वाळल्यावर विटेसारखा फिका पडला. मग मी दारं-खिडक्यांचा ऑइल पेंट लावून पाहिला. तो इतका चकाकला की घड घेतलेला माणूस नुकताच बावखलात बुडी मारून आल्यासारखा दिसू लागला, आणि बाबांनी कोरलेल्या बारीक रेषा त्या जाड थराखाली बुजून गेल्या. तो सगळा पुन्हा खरवडून काढला.

शेवटी जमलं ते असं. खडूची पूड सरसात कालवून तिचा पातळ हात आधी द्यायचा. तो वाळला की पॉलिश पेपरने हलकेच घासायचा. त्यावर पोस्टर कलर, पण डिंकाच्या पाण्यात. लुगड्याच्या घड्या उठाव्यात म्हणून एक युक्ती मला अपघाताने सापडली. ब्रश धुतलेलं गढूळ पाणी एका मूर्तीवर सांडलं, ते मी घाईने फडक्याने टिपलं, तर वरचा रंग स्वच्छ राहिला आणि खाचांत मात्र काळपट छाया उतरून बसली. एकदम ते कापड कापडासारखं दिसायला लागलं. त्यानंतर मी काजळीचं पातळ पाणी मुद्दाम करून ठेवू लागले. तसंच, ब्रश जवळजवळ कोरडा करून फिकट रंग नुसता वरून फिरवला की उंचवट्यांवर ऊन पडल्यासारखं वाटे. बैलाचं वशिंड, म्हाताऱ्याचे गुडघे, कळशीचा काठ असे एकेक उजळत गेले. हे सगळं मी बाबांना दाखवायचे. ते मूर्ती हातात घेऊन डोळ्यांच्या अगदी जवळ न्यायचे, फिरवायचे, आणि काहीतरी सांगायचे. लग्नानंतरच्या सहा वर्षांत बोललो नव्हतो एवढं आम्ही त्या पडवीत बोललो. त्यांच्या लहानपणी रहाटाच्या बैलाला झापड कशी लावत, माझ्या सासूबाई लग्नानंतर पहिल्यांदा वाडीत आल्या तेव्हा पानवेलीच्या मांडवात कशा वाट चुकल्या, हे मला तिथेच कळलं.

बाबांना एक मात्र काही केल्या पटेना. बगळे.

मी सफेदा लावला, स्वच्छ दोन हात दिले. बाबा म्हणाले, पिवळा पडलाय. मला वाटलं, सरस जुना असेल, तो कधीकधी पिवळटतो. नवीन सरस आणला, पुन्हा रंगवले. अजून पिवळेच, बाबा म्हणाले. तेव्हा मला कपडे धुण्याची नीळ आठवली. पांढऱ्या कपड्यांना आपण नीळ देतोच की. मी सफेद्यात चिमूटभर नीळ मिसळली. बाबा म्हणाले, आता बरे आहेत, पण अजून बगळ्यासारखे नाहीत. मी आणखी थोडी घातली. मला स्वतःला ते आता निळसर वाटत होते, पण मी विचार केला की जन्मभर बैलामागून बगळे बघितलेला माणूस सांगतोय, आणि मी बाजारपेठेतल्या घरात वाढलेली. शिवाय चित्रकलेच्या पुस्तकांतही पांढऱ्याच्या सावल्या निळ्या असतातच. शेवटी एकदाचं ते म्हणाले, "हां. हे बगळे."

मारियेच्या निळ्या वस्त्राचंही तसंच झालं. ते त्यांना काळं वाटे. मी उजळ करत करत ते आभाळी करून टाकलं. आणि विहिरीवरच्या बाईचा चेहरा. तो मी मनापासून, पहिल्यांदा बरोबर रंगवला होता, गेरूत थोडी हळदीची छटा घालून, सासूबाई होत्या तसा. बाबांनी मूर्ती हातात घेतली आणि बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, इतकी काळी कशाला केलीस. मी उजळवला. आणखी उजळव. पुन्हा उजळवला. असं करत तो चेहरा जुन्या पेटीतल्या मेंढपाळांइतका गोरा झाला. मला ते रुचलं नव्हतं. गेलेल्या माणसाला मागे राहिलेला माणूस थोडं अधिक उजळ करून आठवत असेल, तर करू दे, असं मी मनाशी धरलं.

नाताळला ओटीवर गोठा मांडला. नाताळाआधीच्या आगमनकाळात ताटांत पेरलेलं भात हिरवंगार उगवलं होतं, त्याची शेतं केली. मधोमध पेंढ्याचं छप्पर, त्याखाली बाळ येशू, मारिया, योसेफ, आणि भोवती आमचं गाव. मिस्सा झाल्यावर लोक घरोघर गोठे बघत फिरतात. आमच्याकडे त्या वर्षी गर्दी झाली. प्लॅस्टरच्या मूर्तींऐवजी घड घेतलेला माणूस आणि कोयतेवाला म्हातारा बघून लोक खूष झाले. हा अमक्यासारखा दिसतो, तो तमक्यासारखा, असं चाललं होतं. बाबा खुर्चीवर बसून ऐकत होते. इतकं समाधान मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

शेजारच्या मावशी, सासूबाईंच्या जुन्या मैत्रीण, वाकून सगळं बघत होत्या. त्यांनी सहज विचारलं, "बगळे निळे का केलेत गं?"

मी काही म्हणायच्या आत बाबा म्हणाले, "निळे कुठे? पांढरे आहेत."

मावशी हसल्या. त्यांना वाटलं, चेष्टा करतायत. दोन-तीन पोरंही हसली, निळे बगळे, निळे बगळे म्हणत बाहेर पळाली. बाबा हसले नाहीत. ते खुर्चीतून उठले, गोठ्याजवळ आले, एक बगळा उचलून डोळ्यांपाशी नेला आणि पुन्हा भाताच्या रोपांत नीट उभा करून ठेवला. मग आत गेले. मी मावशींना केक दिला, काहीबाही बोलले, पण माझ्या डोक्यात सगळं एका ओळीत लागत चाललं होतं. पिवळा सफेदा, काळा निळा, आणि तो चेहरा.

त्यानंतरच्या दिवसांत मी बाबांकडे लक्ष ठेवलं. वाडीत ते पूर्वीसारखेच फिरत, पण केळीचा घड उतरवण्याआधी ते त्याच्याकडे बघत नसत. फळावरून अंगठा फिरवत, शिरा भरल्यात का ते चाचपत. बांध ओलांडताना पाय आधी पुढे घासून बघत. कपड्यांच्या घडीतून सदरा उचलताना तो मळका की धुतलेला हे वास घेऊन ठरवत. हे सगळं माझ्यासमोरच होत आलं होतं, आणि मला ते म्हाताऱ्या माणसाच्या सवयी वाटत होत्या. मी रात्रीच्या जेवणानंतर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला की त्यालाही शंका होती, पण बाबांशी डोळ्यांचा विषय काढायची सोय नाही. त्यांचे थोरले भाऊ मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आले आणि त्या डोळ्याने कायमचे अंध झाले होते. तेव्हापासून बाबा डॉक्टरचं नाव काढू देत नसत.

तरी कोणीतरी काढायला हवं होतं. गोठा उचलायची वेळ आली तेव्हा आम्ही दोघं मूर्ती एकेक करून जुन्या साडीच्या तुकड्यांत गुंडाळत होतो. दुपार होती, पडवीत चांगलं ऊन आलं होतं. मी म्हटलं, "बाबा, बगळे खरंच निळे आहेत. मी त्यात नीळ घातली होती."

ते गुंडाळत राहिले. म्हणाले की त्यांना अंदाज आला होता. बरीच वर्षं सगळं चहाच्या पाण्यातून बघितल्यासारखं दिसतंय. आधी वाटलं, वय झालं की असंच होत असेल. मग लक्षात आलं की दुसऱ्यांना तसं दिसत नाही.

मी विचारलं, कोणाला सांगितलं का नाही.

"तुझ्या सासूला माहीत होतं," ते म्हणाले.

मग ते हळूहळू सांगत गेले. सकाळी ती त्यांचे कपडे काढून ठेवी. वाडीत त्यांच्याबरोबर फिरे आणि लोकांदेखत सहज बोलल्यासारखं म्हणे, हा घड झाला वाटतं, ही अबोली आज खुडायला हवी, समोरून फादर येतायत. जेवताना पान वाढलं की कुठे काय आहे ते तोंडाने बोले, भाजी आज जरा तिखट झालीय तिकडे डावीकडे. मी ते सगळं ऐकलेलं होतं. सासूबाई बोलक्या आहेत असं आम्ही सगळे म्हणत आलो. त्यांच्या त्या अखंड बडबडीत अर्धं बोलणं एका माणसासाठी असायचं, हे घरातल्या कोणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

बाबांच्या हातात विहिरीवरची बाई होती. तिच्यावर फडकं गुंडाळता गुंडाळता ते थांबले.

"हिचा चेहरा कसा झालाय? खरं सांग, बाय."

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "गोरा. दुसऱ्याच कोणा बाईसारखा."

त्यांनी मूर्ती मांडीवर ठेवली. बाहेर रहाट बंद होता, तेव्हा आमच्याकडे पंप आला होता, त्याचा आवाज येत होता. मग त्यांनी तिला न गुंडाळताच बाजूला ठेवलं आणि म्हणाले की संध्याकाळी मुलगा आला की त्याला डॉक्टरचं विचारायला सांग.

ऑपरेशन मुंबईत झालं, एकाच डोळ्याचं. तेव्हा ते आताच्यासारखं सोपं नव्हतं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा लावून हलू न देता पडून राहावं लागे, आणि बाबांसारख्या वाडीत फिरणाऱ्या माणसाला तेच जड गेलं. मी त्यांच्याजवळ बसायचे. त्यांना भीती वाटत होती हे मला त्यांच्या गप्प राहण्यावरून कळे, कारण एव्हाना त्यांच्या गप्प राहण्यातले प्रकार मी ओळखायला लागले होते. मी डॉक्टरांना बगळ्यांची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, खरे बगळेही त्यांना पिवळेच दिसत असणार, पण त्यांच्याकडे ते सवयीने बघतात. बगळा पांढराच, हे मन आधीच सांगतं. तुमचे बगळे मात्र त्यांनी तपासायला म्हणून पाहिले. त्या वाक्यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. आपण रोजचं किती थोडं तपासून बघतो.

पट्टी सुटली, मग काळा चष्मा, मग तो जाड भिंगांचा चष्मा. त्यात बाबांचा एक डोळा केवढा तरी मोठा दिसायचा. सगळं जवळ आल्यासारखं वाटून ते पायरी चुकायचे, कपाला हात घालायला जाऊन कपाच्या अलीकडेच मूठ मिटायचे. त्यावर ते चिडत. पण रंग त्यांना दिसले. घरी आल्यावर ते अंगणात उभे राहिले आणि केळीच्या पानाकडे बघत राहिले. म्हणाले, हे इतकं हिरवं होतं होय.

मग त्यांनी मूर्ती मागितल्या. मी बगळे समोर ठेवले. त्यांनी बघितलं आणि मोठ्याने हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत, इतके की मला ऑपरेशन झालेल्या डोळ्याची काळजी वाटली. मग त्यांनी एक गंमत केली. चष्मा वर केला, नवा डोळा हाताने झाकला आणि जुन्या डोळ्याने बगळे जवळ घेऊन पाहिले. "याने बघितलं तर अजून पांढरेच आहेत," म्हणाले. मग दुसरा झाकला. "याने निळे." कितीतरी वेळ ते आलटून पालटून डोळे झाकत होते, बगळ्यांवर, भिंतीवर, स्वतःच्या सदऱ्यावर, माझ्यावर.

विहिरीवरच्या बाईला त्यांनी सगळ्यांत शेवटी हातात घेतलं. नव्या डोळ्याने पाहिलं. मग जुन्या डोळ्याने. जुन्या डोळ्याने बघताना त्यांच्या तोंडावर ओळख दिसली. नव्या डोळ्याने बघताना ते म्हणाले, "तू म्हणालीस ते खरं. ही कोणी वेगळीच आहे."

आम्ही ती पुन्हा रंगवायची ठरवलं. मी बारीक सुरीने तोंडावरचे सगळे थर काढले, खाली भाजलेली माती लागेपर्यंत. आणि मग खरी अडचण समोर आली. मी विचारलं, रंग कसा होता, तुम्ही सांगा. बाबांना सांगता येईना. गेली कित्येक वर्षं त्यांनी तिला त्या चहाच्या पाण्यातूनच पाहिलं होतं. त्याच्या आधीची ती आठवे, तर ती तरुण, लग्नातली. घरातले फोटो सगळे काळे-पांढरे. त्यांनी मला विचारलं, तुला कशी दिसायची. मी पुन्हा गेरू आणि हळदीची छटा सांगितली. ते म्हणाले, नाही, एवढी सावळी नव्हती. मग स्वतःच म्हणाले, कोण जाणे.

तेव्हा मी रंगवायची पद्धतच बदलली. एकदम एक रंग कालवून लावायचा नाही. डिंकाच्या पाण्यात रंग अगदी पातळ कालवायचा, इतका की एका हाताने काही फरकच पडू नये, आणि थरावर थर चढवत जायचं. आधी फिकट, मग हळूहळू गडद. एक हात, तो वाळेपर्यंत थांबायचं, मूर्ती उन्हात धरून बघायची, मग पुढचा हात. बाबा समोर बसून नव्या डोळ्याने बघत होते. या कामाला बरेच दिवस लागले, कारण थोडं जरी दमट असलं तरी रंग वाळत नसे. मातीचा तांबूस रंग त्या पातळ थरांतून आत राहून डोकावत होता आणि चेहऱ्याला पहिल्यांदाच कातडीसारखी ऊब आली. प्लॅस्टरच्या मूर्तींना आणि माझ्या आधीच्या सगळ्या चेहऱ्यांना तेच नव्हतं.

एके दुपारी मी ब्रश बुडवला आणि बाबांनी हात वर केला.

"थांब. झालं."

माझ्या आठवणीतल्या सासूबाई त्याहून दोन हात तरी सावळ्या होत्या. मी ब्रश खाली ठेवला. त्या बाईला चाळीस वर्षं ओळखणारा माणूस थांब म्हणतो आणि पाच वर्षं ओळखणारी मी पुढे जाऊ बघते, यात बरोबर कोण हे ठरवायला तिसरं कोणी नव्हतं. लुगडं पहिल्यापासूनच लाल होतं, त्यावर आमचा कधी वाद झाला नाही.

बगळे बाबांनी स्वतः रंगवले. मी सफेदा काढून दिला आणि नीळ दूर ठेवली. त्या भिंगातून अंतराचा अंदाज येत नसल्याने अर्धा रंग बगळ्याला आणि अर्धा त्यांच्या बोटांना लागला. पण त्यांना गोडी लागली. पुढे दर वर्षी दिवाळीच्या सुमारास आमची पडवी मातीने भरायची. एका डोळ्याचं ऑपरेशन इतकं चांगलं होऊनही दुसऱ्याचं करायला ते पुष्कळ काळ तयार होईनात. मुलगा मागे लागला की म्हणत, घाई कसली आहे. कधीकधी मी त्यांना विहिरीवरच्या बाईसमोर चष्मा काढून, नवा डोळा झाकून बसलेलं पाहिलं. मी तिथून निघून जायचे. शेवटी जुन्या डोळ्याने अजिबातच दिसेनासं झालं, तेव्हा ते ऑपरेशनला गेले.

हळूहळू बाहेरचे लोक मूर्ती मागायला लागले. अर्नाळ्याच्या एका कोळी कुटुंबाला त्यांच्या गोठ्यात होडी हवी होती, आणि होडीत जाळं ओढणारा आजोबा. कोणाला आपल्या वडिलांच्या हातात व्हायोलिन हवं असे, कोणाला शाळेतल्या जुन्या मास्तरांची छत्री. बाबा घडवत, मी रंगवायचे. बाबा गेल्यावर मी घडवायलाही शिकले, पण तो हात माझा नव्हे. कंबर कुठे जाते हे मला अजून शोधावं लागतं.

चेहरा रंगवण्याआधी मात्र मी एक करते. घरातल्या दोन-तीन माणसांना वेगवेगळं विचारते की त्यांचा रंग कसा होता. उत्तरं कधी जुळलेली नाहीत. एकदा दोघी बहिणी आईची मूर्ती करून घ्यायला आल्या होत्या. थोरली म्हणे, आई गव्हाळ होती. धाकटी म्हणे, चांगली सावळी होती, उन्हातान्हात राबून झालेली. दोघींचं खरं असणार, कारण थोरलीने आई तरुण असताना पाहिली आणि धाकटीने नंतर. मी त्यांना पडवीत माझ्यासमोर बसवलं आणि पातळ हात देत गेले. एका थराला थोरली म्हणाली, बस. धाकटी म्हणाली, अजून. मी दोघींकडे बघितलं. मग थोरलीने मूर्ती माझ्या हातातून घेतली, बहिणीच्या हातावर ठेवली आणि मला म्हणाली, "हिला हवी तशी करा. आईजवळ शेवटी हीच होती."